नोंदणी एक कोटीची, खेळणारे किती? ऑनलाइन गेमिंगमधली सदस्यसंख्या कशी मोजतात

पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा 'इंडस' हा बॅटल रॉयल गेम १६ ऑक्टोबर २०२४ रोजी अँड्रॉइड आणि आयफोनवर आला. त्याआधीच त्याच्या पूर्वनोंदणीने १ कोटीचा टप्पा ओलांडला होता आणि तो आकडा बातम्यांमध्ये ठळकपणे झळकला. भारतीय कंपनीने, त्यातही पुण्यातल्या कंपनीने, एवढ्या मोठ्या स्पर्धेत उतरावे ही कौतुकाची गोष्ट आहे. मात्र पूर्वनोंदणी म्हणजे नेमके काय, हे बहुतेक वाचकांना कुणी सांगितले नाही. प्ले स्टोअरवर एक बटण दाबायचे, म्हणजे गेम आल्यावर फोनवर सूचना येते. त्या क्षणी गेम फोनवर नसतो, खाते उघडलेले नसते, एकही डाव खेळलेला नसतो. तो १ कोटीचा आकडा 'किती जणांना उत्सुकता आहे' याचे उत्तर होते. 'किती जण खेळतात' हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर वेगळ्या पद्धतीने काढावे लागते.

या दोन प्रश्नांची गल्लत रोज होते. आपल्या वस्त्यांतली हजारो मुले मोबाइलवर खेळतात. काही जण स्पर्धा भरवतात, काही जण टीम बांधून प्रायोजक शोधतात, काही जण 'एवढे कोटी लोक खेळतात' ही जाहिरात वाचून पैसे लावतात. येरवड्यापासून बोपोडीपर्यंत कुठल्याही मंडळाच्या कट्ट्यावर हे आकडे तोंडपाठ असतात. म्हणून ते कसे तयार होतात हे आम्ही इथे एका ठिकाणी, सोप्या भाषेत मांडत आहोत.

मोजणीच्या सहा पायऱ्या

गेमिंगमध्ये 'सदस्य' हा शब्द निदान सहा वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. वरून खाली येताना आकडा सहसा लहान होत जातो.

पूर्वनोंदणी: गेम येण्याआधी 'मला कळवा' म्हणणारे.

डाउनलोड: गेम फोनवर उतरवणारे. प्ले स्टोअरवर हा आकडा नेमका दिसत नाही, '१० लाख+', '५० लाख+', '१ कोटी+' अशा टप्प्यांत दिसतो. १ कोटी+ लिहिलेल्या गेमचे डाउनलोड एक कोटी दहा हजार असू शकतात किंवा साडेचार कोटीही असू शकतात. गेम उतरवून दुसऱ्या दिवशी काढून टाकणाराही या आकड्यात राहतो.

नोंदणीकृत: खाते उघडलेले. गेम सुरू झाल्यापासून आजपर्यंत उघडलेल्या सगळ्या खात्यांची ही बेरीज असते.

मासिक सक्रिय: गेल्या ३० दिवसांत किंवा त्या कॅलेंडर महिन्यात निदान एकदा आलेले. कंपन्यांच्या अहवालात याला एमएयू म्हणतात.

दैनंदिन सक्रिय: त्या एका दिवशी आलेले. याला डीएयू म्हणतात.

एकाच वेळी हजर: एका ठराविक क्षणी सर्व्हरला जोडलेले. कॉम्प्युटरवरच्या गेमसाठी स्टीम हा मंच हा आकडा सगळ्यांना उघड दाखवतो. जानेवारी २०१८ मध्ये पबजीने स्टीमवर ३२ लाखांहून अधिक खेळाडू एकाच वेळी हजर असण्याचा उच्चांक गाठला होता. हा आकडा फुगवणे सर्वांत अवघड असते, कारण तो बाहेरचा कुणीही पाहून टिपून ठेवू शकतो.

यांतला कुठलाही आकडा मुळात खोटा नसतो. एका पायरीचा आकडा दुसऱ्या पायरीच्या नावाने सांगितला की फसवणूक सुरू होते.

नोंदणीचा आकडा खाली का येत नाही

नोंदणी फक्त वाढते. खेळणे सोडलेला माणूस आपले खाते बंद करायला परत येत नाही. त्यामुळे नोंदणीकृतांची संख्या म्हणजे त्या गेमचा इतिहास असतो. आज मैदानात कोण आहे ते तिच्यातून कळत नाही.

भारतात याचे ठळक उदाहरण आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत पबजी मोबाइल होता. पुढे क्राफ्टन या कोरियन कंपनीने २ जुलै २०२१ रोजी खास भारतासाठी बीजीएमआय आणला. जुने खेळाडू आपली आधीची माहिती नव्या गेममध्ये आणू शकत होते. वर्ष पूर्ण होताना, जुलै २०२२ मध्ये, कंपनीने १० कोटी नोंदणीकृत वापरकर्त्यांचा टप्पा ओलांडल्याचे जाहीर केले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला गेम प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअरवरून हटवला गेला आणि मे २०२३ पर्यंत परत आला नाही. मधल्या दहा महिन्यांत नवे खेळाडू येण्याचा मुख्य रस्ता बंद होता, टीम विस्कटल्या, प्रायोजक थांबले. तरी १० कोटींचा आकडा कागदावर एकानेही कमी झाला नाही. नोंदणी हा निकष धरला तर त्या काळात काहीच घडले नव्हते.

हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतल्या लिंडन लॅबच्या 'सेकंड लाइफ' या आभासी जगाच्या 'रहिवाशांची' संख्या डिसेंबर २००६ मध्ये वीस लाखांवर सांगितली जात होती. क्ले शर्की या अभ्यासकाने तेव्हाच दाखवून दिले की या रहिवाशांमध्ये एकदा डोकावून कायमचे निघून गेलेलेही मोजले आहेत. वर्तमानपत्रांनी मात्र तो आकडा गावाच्या लोकसंख्येसारखा छापला होता.

'सक्रिय' म्हणजे नेमके कोण

नोंदणीपेक्षा सक्रिय संख्या बरी, पण तिलाही तीन प्रश्न विचारावे लागतात. कोणती कृती मोजली? किती दिवसांत? आणि मोजले ते काय: माणूस, खाते की फोन?

कृती. काही ठिकाणी ॲप उघडले की माणूस सक्रिय धरला जातो, काही ठिकाणी लॉग-इन झाल्यावर, काही ठिकाणी पूर्ण डाव खेळल्यावर. रोजचे बक्षीस घेऊन अर्ध्या मिनिटात बाहेर पडणारा मुलगा पहिल्या दोन व्याख्यांत सक्रिय असतो, तिसरीत नसतो. अनेक गेम 'रोज या, नाणी मिळवा' अशी योजना चालवतात. त्यामागे खेळाडूला सवय लावण्याचा हेतू असतो, आणि दैनंदिन आकडाही त्यातून वर राहतो.

काळ. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा दरमहा पैसे भरून खेळायचा गेम. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याचे १ कोटी २० लाख वर्गणीदार असल्याचे ब्लिझार्ड कंपनीने जाहीर केले होते. आशियात बरेच जण सायबर कॅफेत तासावर खेळत, म्हणून तिथे गेल्या ३० दिवसांत खेळलेल्यांना वर्गणीदार धरले जाई. म्हणजे एकाच आकड्यात दोन व्याख्या होत्या, पण कंपनीने त्या लिहून दिल्या होत्या. २०१५ च्या अखेरीस वर्गणीदार ५५ लाखांवर आले आणि हा आकडा यापुढे देणार नाही असे कंपनीने सांगितले. आकडा वाढत असताना दिला जातो आणि उतरू लागला की मोजपट्टी बदलते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

एकक. 'फार्मव्हिल' बनवणाऱ्या झिंगा कंपनीने २०११ मध्ये शेअर बाजारात येताना जी कागदपत्रे दाखल केली, त्यांत स्पष्ट लिहिले होते की एकाच दिवशी कंपनीचे दोन गेम खेळणारा माणूस दोन दैनंदिन सक्रिय म्हणून मोजला जातो. दुबार मोजणी टाळण्यासाठी 'मासिक एकमेव वापरकर्ते' असा वेगळा आकडाही त्यांनी दिला होता. मुलांमध्ये लोकप्रिय असलेली रोब्लॉक्स कंपनीही गुंतवणूकदारांना सांगते की आमचे दैनंदिन सक्रिय म्हणजे त्या दिवशी लॉग-इन झालेली नोंदणीकृत खाती. एकाच व्यक्तीची अनेक खाती असू शकतात, त्यामुळे हा आकडा वेगवेगळ्या माणसांचा नव्हे. शेअर बाजाराच्या नियमांपुढे कंपन्या व्याख्या लिहून देतात. जाहिरातीत मात्र व्याख्या गळते आणि आकडा तेवढा उरतो.

छोटे गणित

समजा एका गेमिंग ग्रुपमध्ये रोज ३० जण खेळतात. महिनाभर तेच ३० जण येत असतील तर मासिक सक्रिय ३०. रोज नवे ३० येऊन पुन्हा न फिरकणारे असतील तर मासिक सक्रिय ९००. दैनंदिन आकडा दोन्हीकडे सारखाच. पहिला ग्रुप घट्ट आहे, दुसरा एसटी स्टँड आहे.

हा फरक पकडण्यासाठी दैनंदिन सक्रियांना मासिक सक्रियांनी भागतात. पहिल्यात उत्तर १०० टक्के येते, दुसऱ्यात ३.३ टक्के. गेम कंपन्या याला 'चिकटपणा' मोजणे म्हणतात.

आता दुसरी बाजू. समजा एका ग्रुपमध्ये दर महिन्याला १०० नवे येतात आणि महिन्याभरात सगळे निघून जातात. मासिक सक्रिय वर्षभर १०० च राहतील आणि कारभार स्थिर वाटेल. वर्षाअखेर नोंदणीकृत १,२०० होतील आणि कारभार वाढतोय असे वाटेल. प्रत्यक्षात एकही माणूस टिकलेला नसेल. म्हणून जाणकार तिसरा आकडा मागतात: आज आलेल्यांपैकी दुसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि तिसाव्या दिवशी किती परत आले. याला टिकण्याचे प्रमाण म्हणतात. बाहेरच्यांना हा आकडा क्वचितच सांगितला जातो. गेमची खरी नाडी मात्र तिथेच सापडते.

खाते म्हणजे माणूस नव्हे

मोजणीची चूक दोन्ही बाजूंनी होते.

एका बाजूला आकडा फुगतो. अनेक मोबाइल गेम 'पाहुणा' म्हणून खेळू देतात. फोन बदलला किंवा गेम काढून पुन्हा टाकला की नवे पाहुणे खाते तयार होऊ शकते. बंदी बसलेला खेळाडू दुसऱ्या नावाने परत येतो. चांगल्या दर्जाची खाती विकली जातात, म्हणजे एकाच खात्यामागचा माणूस बदलतो. बऱ्याच बॅटल रॉयल गेममध्ये, विशेषतः खालच्या श्रेणीत, मैदान भरण्यासाठी यंत्राने चालणारे बॉट सोडले जातात. शंभर जणांच्या डावात किती माणसे होती हे खेळणाऱ्यालाही कळत नाही.

दुसऱ्या बाजूला आकडा घटतो, आणि हे आपल्या वस्त्यांत जास्त घडते. घरात एकच स्मार्टफोन असतो. दुपारी धाकटा खेळतो, रात्री मोठा, सुट्टीत मामाचा मुलगा. खाते एक, माणसे तीन. कंपनीच्या दृष्टीने तिथे एकच खेळाडू आहे, तोही बहुधा वडिलांच्या नावाने आणि वडिलांच्या वयाने. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही, त्यातही बहुतेक मुली, त्या या मोजणीत दिसतच नाहीत. 'मुली गेम खेळत नाहीत' असे आकड्यांवरून बोलणाऱ्यांनी आधी फोन कुणाच्या हातात आहे हे पाहावे.

क्लॅन आणि डिस्कॉर्डची मोजणी

कंपनी कोटीत मोजते. खेळाडूंचे स्वतःचे समूह त्यापेक्षा प्रामाणिकपणे मोजू शकतात. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'मध्ये एका क्लॅनमध्ये जास्तीत जास्त ५० जण बसतात. जागा मोजक्या असल्याने नेत्याला निष्क्रिय सदस्य परवडत नाही. कोणी किती सैन्य दान केले, युद्धात कोण उतरले हे सगळ्यांना दिसते. दोन आठवडे न दिसलेल्याला काढून नव्याला घेतात. त्यामुळे क्लॅनची नोंदणी आणि हजेरी जवळजवळ सारखी राहते.

डिस्कॉर्डवर जागेची अशी टंचाई नसते, म्हणून तिथे उलटे होते. सर्व्हरच्या निमंत्रणावर दोन आकडे दिसतात: एकूण सदस्य आणि ऑनलाइन. ऑनलाइनचा अर्थ त्या माणसाचे ॲप चालू आहे एवढाच. तो कदाचित दुसऱ्याच सर्व्हरवर बोलत असेल किंवा कॉलेजच्या बाकावर झोपलाही असेल. किती जण वाचतात आणि किती जण लिहितात हे वेगळे पाहावे लागते. ७ किंवा ३० दिवस न आलेल्या, कुठलीही भूमिका नसलेल्या सदस्यांना एकदम वगळण्याची सोयही डिस्कॉर्डने दिली आहे. ती फारसे कुणी वापरत नाही, कारण वापरली की आकडा खाली येतो.

आकड्याचे आमिष

पैसे लावून खेळायच्या गेमनी या गल्लतीचा सर्वाधिक फायदा घेतला. मुंबईच्या ड्रीम११ने आपले २० कोटींहून अधिक वापरकर्ते असल्याची जाहिरात केली होती. वाचणाऱ्याला वाटते, २० कोटी लोक खेळतात म्हणजे यात काही वावगे नसणार. त्या २० कोटींत एकदा खाते उघडून विसरलेले किती, फुकट खेळणारे किती, दर आठवड्याला पैसे लावणारे किती आणि त्यांतले हरणारे किती, हे जाहिरातीतून कळायला मार्ग नव्हता. गर्दी हाच पुरावा म्हणून दाखवला गेला.

संसदेने 'ऑनलाइन गेमिंग संवर्धन व नियमन' विधेयक २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत आणि २१ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर केले. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक गेम एकीकडे आणि पैशांचे गेम दुसरीकडे अशी विभागणी आहे. पैशांचे गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड, त्यांची जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ड्रीम११ने लगेच आपल्या पैशांच्या स्पर्धा थांबवल्या.

या कायद्याच्या वेळी सरकारनेही आकडा दिला: सुमारे ४५ कोटी लोकांना पैशांच्या गेमची झळ बसते आणि २०,००० कोटी रुपयांहून अधिक नुकसान होते. कायदा गरजेचा होता असे आमचे मत आहे. तरीही ४५ कोटी ही माणसे की खाती, हा प्रश्न सरकारलाही विचारला पाहिजे. एकाच तरुणाची चार ॲपवर चार खाती असतील तर तो चार पीडित ठरतो, आणि त्याच्यामागचे कर्जात बुडालेले घर एकदाही मोजले जात नाही. उपाय आखायचा तर दोन्ही माहीत असायला हवे.

कायदा कोणता आकडा धरतो

मोजणीची व्याख्या आता कायद्याचाही विषय झाली आहे. भारतात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांखाली ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांवर जास्तीची जबाबदारी आहे. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यांनुसार भारतात ५० लाख किंवा अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या गेमिंग मंचाने, तीन वर्षे न फिरकलेल्या माणसाची माहिती पुसली पाहिजे आणि त्याआधी किमान ४८ तास त्याला कळवले पाहिजे. ही तरतूद नियम प्रसिद्ध झाल्यापासून दीड वर्षाने लागू होते. खाते चालू ठेवण्यापुरती माहिती आणि खात्यात शिल्लक असलेली आभासी नाणी यांना अपवाद आहे. याच कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येणारी संमती बंधनकारक आहे, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे.

युरोपीय संघाने वेगळी मोजपट्टी निवडली. तिथल्या डिजिटल सेवा कायद्यात महिन्याला सरासरी ४.५ कोटी सक्रिय वापरकर्ते ही 'अतिविशाल' मंचाची सीमा आहे. मंचांना हा आकडा १७ फेब्रुवारी २०२३ पर्यंत आणि पुढे दर सहा महिन्यांनी जाहीर करावा लागतो. आपल्याकडे नोंदणी मोजली जाते, तिकडे हजेरी. जुन्या, विसरलेल्या खात्यांतही फोन नंबर आणि वय पडून असते, म्हणून माहितीच्या रक्षणासाठी नोंदणीचा निकष योग्यच आहे. गेमचा समाजावर किती प्रभाव आहे हे मोजायचे असेल तर मात्र हजेरीच हवी, आणि ती जाहीर करण्याचे बंधन आपल्याकडेही यायला हवे.

आकडा समोर आला की काय विचाराल

प्रायोजक, स्पर्धेचा आयोजक किंवा जाहिरात, कुणीही आकडा सांगितला तर पाच प्रश्न विचारा. हा आकडा कधीपासूनचा? कोणती कृती केल्यावर मोजला? ३० दिवसांचा की आजवरचा? खाती की माणसे? आणि गेल्या वर्षी याच व्याख्येने मोजला तेव्हा किती होता? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण व्याख्या बदलली असेल तर ती तिथे उघडी पडते.

स्वतःचा ग्रुप किंवा स्पर्धा चालवणाऱ्यांनीही हीच शिस्त पाळावी. एका साध्या वहीत दर महिन्याच्या एक तारखेला चार आकडे लिहा: एकूण नोंदणी, गेल्या ३० दिवसांत प्रत्यक्ष खेळलेले, त्यांपैकी मागच्या महिन्यातही असलेले, आणि प्रवेश शुल्क भरलेले. 'सक्रिय' कुणाला म्हणायचे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि मध्येच बदलू नका. बदलावे लागलेच तर तारीख टाका. ग्रुपमध्ये १,२०० नावे असतील आणि १८० जण खेळत असतील तर प्रायोजकाला १८० सांगा. तो पुढच्या महिन्यात पुन्हा विचारेल, तेव्हा हाच आकडा तुमच्या बाजूने उभा राहील. ज्या १,०२० जणांनी येणे थांबवले त्यांना एकदा फोन करून कारण विचारा. फोन घरात दुसऱ्याकडे असतो, शुल्क परवडत नाही, ग्रुपमध्ये शिवीगाळ होते, मुलींना जागाच नाही, अशी उत्तरे येतील. ग्रुप कुठे सुधारायचा हे त्या उत्तरांतून समजेल.